शेजाऱ्याची चिठ्ठी



आज आपण आफ्रिका खंडातली एक गोष्ट बोलू. गोष्ट इंटरनेटची आहे. मोबाइलवर आपण संदेश धाडतो, चित्रे पाहतो, ती ज्या जाळ्यातून येतात त्याला इंटरनेट म्हणतात.

समजा, आपल्याला पलीकडच्या आळीत चिठ्ठी द्यायची आहे. पण ती आधी दिल्लीला जाते आणि मग परत गावात येते. खर्च दिल्लीचा, वेळही दिल्लीचा. असला द्राविडी प्राणायाम कोण करील?

आफ्रिकेतल्या केनिया देशात तसेच चालले होते. नैरोबी ही तिथली राजधानी. शेजारच्या दोन कचेऱ्यांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या, की एकीचा संदेश आभाळातल्या उपग्रहामार्फत परदेशी जाई आणि तिथून दुसरीकडे येई. त्याचे पैसे परदेशाला भरावे लागत.

मग कंपन्यांनी मेळ घातला. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी नैरोबीत एका जागी आपापल्या तारा जोडल्या. देशातला संदेश तिथेच एकमेकांना देऊ लागल्या.

पण परदेशी संदेश नेण्याचा हक्क एकट्या सरकारी टेलिफोन कंपनीचा होता. तिने तक्रार केली. दोनेक आठवड्यांत केंद्राला कुलूप लागले.

मंडळी हात बांधून बसली नाहीत. ‘आम्ही घरचा संदेश घरातच देतो, परदेशी नेत नाही,’ हे त्यांनी पटवून दिले. परवाना मिळाला. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र पुन्हा उघडले.

२००९ साली समुद्राखालून मोठी तार पूर्व आफ्रिकेला पोचली. तिचे एक टोक आपल्या मुंबईला आहे. परदेशाची वाट सोपी झाली. तरी घरची वाट लागतेच. २०१२ साली केनियात शंभरातली तीसच देवाणघेवाण देशात होई. २०२० साली ती सत्तरवर गेली. वर्षाला साठ लाख डॉलर वाचू लागले.

मग हे काम खंडभर पसरले. आफ्रिकी देशांच्या संघाने गावोगावची, म्हणजे देशोदेशीची, माणसे शिकवून अशी केंद्रे उभारायला हात दिला. २००५ साली पाच देशांच्या विद्यापीठांच्या जाळ्यांनी ‘उबुंटूनेट’ ही संस्था काढली. २०११ पासून युरोपीय संघानेही या कामाला पैसा दिला. एका देशातला संशोधक आपले काम दुसऱ्या देशातल्या सोबत्याला आता लवकर दाखवू शकतो.

उबुंटू हा तिकडचाच शब्द. माणसांमुळे माणूस, असा त्याचा अर्थ.

तार विकत मिळते, यंत्रही मिळते. शेजाऱ्यांचा मेळ मात्र आपणच घालायचा असतो. नळाची योजना असो की पाटाचे पाणी, आपल्या गावालाही ते लागू आहे. पाहा विचार करून.