वरणाचं पाणी आणि वरण

(रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या हळदीकुंकू कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. "लेकरांच्या खाण्यावर दोन शब्द बोला" असा मंडळानं आग्रह धरला म्हणून उभी राहिले. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा माझी थोरली चार महिन्यांची होती. जिन्याला कठडा नव्हता, पाण्याच्या घागरी खालून वर न्याव्या लागायच्या. सोसायटीतलं पहिलं उष्टावण आमच्याच घरी झालं. मामाच्या मांडीवर लेक, चांदीच्या वाटीत खीर. जुन्या सभासदांना आठवत असेल.

त्यानंतरची गोष्ट मात्र मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. उष्टावण झालं आणि मी लेकीला रोज वरणाचं वरचं पाणी आणि भाताची पातळ पेज द्यायला लागले. जोडीला डब्याचं दूध. डबा महाग, महिनाअखेरपर्यंत पुरला पाहिजे, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. बाटली भरून प्यायची, म्हणून मला वाटायचं, पोट भरलं. आठव्या महिन्यात जुलाब लागले आणि चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. घरी आल्यावर शेजारच्या वस्तीतल्या अंगणवाडीत वजन केलं. दोन महिन्यांत काहीच वाढ नव्हती. ताईंनी विचारलं, "काय देता?" मी म्हणाले, "वरणाचं पाणी." त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि वरण कोण खातं?"

मी गप्प झाले. वरण आम्ही मोठी माणसं खात होतो.

बायांनो, डाळीतलं सत्त्व डाळीत असतं, वरच्या पाण्यात फार थोडं उतरतं. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानं भरलं की अन्नाला जागाच राहत नाही. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातून लोहसुद्धा पुरेसं मिळत नाही. म्हणून वरचं अन्न घट्ट हवं. खूण सोपी आहे: चमचा वाकडा केला तर अन्न पटकन ओघळता कामा नये.

मला हे हातानं करून दाखवलं ते तळमजल्यावरच्या काकूंनी. त्यांची भरड आजही मी तशीच करते. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही स्वच्छ निवडून, धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवायचं. मंद आचेवर वेगवेगळं खमंग भाजायचं. गार झालं की दळून, बारीक चाळणीनं चाळून, कोरड्या डब्यात भरायचं. पंधरा दिवसांपुरतंच करायचं. दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून, सतत हलवत आठ-दहा मिनिटं शिजवायचं. उतरवल्यावर अर्धा चमचा तूप. बाळाला सवय झाली की त्यातच उकडून कुस्करलेला लाल भोपळा, गाजर, बटाटा, नाहीतर बारीक चिरून शिजवलेली पालेभाजी. अंडं खाणाऱ्या घरात पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून. ज्वारी नको असेल तर तांदूळ घ्या. लातूरची तूरडाळ तर आपल्या घरात असतेच.

एक सांगते, ज्वारीला मोड आणून बाळासाठी वापरू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे शेतकरी घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तेच द्रव्य कोंबात असतं. मोड आणायचेच तर मुगाला आणा.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर मोठ्या वाटीनं अर्धी वाटी, तीन-चार वेळा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस बघून मग दुसरा. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर चाटवायलासुद्धा नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. दाण्याचं अगदी बारीक कूट शिजवून चालतं.

आणि बाटली नको, वाटी-चमचा घ्या. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा माझ्या भाचीचं बाळ सात महिन्यांचं होतं. साठवलेलं पाणी, बाटली घासायला पाणी कुठलं? वाटी-चमचा उकळत्या पाण्यात बुडवला की काम झालं. ते बाळ एकदाही आजारी पडलं नाही.

आमच्या वेळी "चार ते सहा महिन्यांत वरचं सुरू करा" म्हणायचे. 2001 पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं सांगते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डब्यांची जाहिरात करायलाही आपल्या देशात कायद्यानं बंदी आहे. 1992 चा कायदा आहे तो, 2003 मध्ये आणखी कडक केला. आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी 2018 मध्ये आणली आहे. ज्या ज्वारीला आपण गरिबाचं खाणं म्हणायचो, तिचं मोल आता सगळे सांगतात.

डबा वाईट असं मी म्हणत नाही. नोकरीवाल्या सुनांना वेळ नसतो, प्रवासात उपयोग होतो, डॉक्टरांनी सांगितलं तर द्यावाच लागतो. पण डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालू नका. माझी चूक तीच होती.

शेवटी एक विनंती. आपल्या वॉचमनच्या घरी दहा महिन्यांचं लेकरू आहे. परवा त्याची आई त्याला चहात बिस्कीट बुडवून भरवत होती. तिला मी दोष देत नाही. मी शिकलेली असून चुकले होते, आणि चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही हे तिला कुणी सांगायचं? महिला मंडळानं महिन्यातून दोनदा भरड करावी. ज्वारी माझ्याकडून, डाळ तुमच्यापैकी कुणाकडून. एक डबा तिच्याकडे जावा आणि पहिल्यांदा शिजवताना आपल्यातली एक जण तिच्याजवळ बसावी. मला काकूंनी असंच शिकवलं होतं. काकू आज आपल्यात नाहीत.

माझ्या त्या लेकीला आता सात महिन्यांची मुलगी आहे. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ती चमचा वाकडा करून दाखवते आणि विचारते, "आई, घट्ट आहे ना?"