आकडा खरा, तर खेळ बरा



पिकलबॉलच्या कोर्टावर नवा माणूस आला, की नावापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "रेटिंग किती?" परीक्षेचे गुण विचारल्यासारखे वाटून पुष्कळजण बिचकतात. आज या आकड्याविषयीच बोलू या.

हा खेळ 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जन्मला. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी तो आपल्याकडे रुजवला. या खेळात पूर्वी खेळाडू आपली पातळी स्वतःच ठरवत आणि आजही नवखे तसेच करतात.   सर्व्हिस चुकेनाशी झाली, चार-सहा फटके परतवता येऊ लागले, की रेटिंग साधारण 3.0. तिसरा फटका जोरात न हाणता किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या ज्या 7 फुटी पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही तिथे, अलगद उतरवता आला, संधीची वाट बघण्याइतका धीर आला, की 4.0.

पण स्वतःला जोखणे कठीण. म्हणून 2021 मध्ये सामन्यांच्या निकालांवरून रेटिंग काढणारी डीयूपीआर ही पद्धत आली. तिची पट्टी 2 पासून 8 पर्यंत, तीन दशांश स्थळांची. सिंगल्सचा आकडा वेगळा, डबल्सचा वेगळा. मूळ कल्पना बुद्धिबळातली, प्राध्यापक आर्पाद एलो यांची. दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून निकालाचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष निकालाशी तो ताडून पाहायचा. समजा, तुमची जोडी 3.4 ची आणि समोरची 4.2 ची. तुम्ही हरणार, हे गणिताने आधीच धरलेले असते. त्यामुळे हरलात तरी सहसा मोठा फटका बसत नाही. जिंकलात, तर मात्र आकडा चांगलाच उसळतो.

स्पर्धांचे गट आकड्यांवरून पडतात, म्हणून काहीजण मुद्दाम आकडा खाली ठेवतात आणि खालच्या गटातली पदके नेतात. मला हे फार लागते. नेटपलीकडे कोणीतरी सहा महिने घाम गाळून पहिल्या स्पर्धेला आलेले असते. अर्ध्या तासात ते 11–1 असे हरून घरी जाते. त्या सामन्यात त्याला शिकायलाही काही मिळत नाही.

आकडा म्हणजे आजची पातळी; तुल्यबळ जोडी शोधायची खूण. तो वाढावा म्हणून सोपे प्रतिस्पर्धी निवडू नका आणि घटावा म्हणून सामने सोडू नका. जिंकलेला सामना जितक्या उत्साहाने नोंदवता, तितक्याच प्रामाणिकपणे हरलेलाही नोंदवा. मग पुढच्या वेळी नेटपलीकडे तुमच्या तोडीचा खेळाडू उभा असेल आणि 11–9 चा सामना रंगेल.