शब्दांचे माहेर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा हे काही व्याख्यान नव्हे. आपण रोज जे बोलतो, त्या शब्दांचे माहेर कोणते, एवढेच सांगणार आहे.

स्वयंपाकघरापासून निघू. बटाटा, पाव, काजू, कपाटाची चावी आणि जिची आपण महिनाभर वाट पाहतो ती पगाराची रक्कम, यांतला पगार धरून हे सारे शब्द पोर्तुगीजांकडचे. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांचे शब्द मराठीच्या घरी नांदू लागले. अर्ज, हजर, खर्च, हिशेब हे फारशीतून आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारशी शब्दांना संस्कृत शब्द योजविले, तरी खर्च आणि हिशेब काही आपल्या घरातून गेले नाहीत! आपल्या मराठवाड्यावर तर १९४८ सालापर्यंत निजामाचा अंमल. कचेरीत उर्दूच चाले. तेव्हा आपल्या बोलीला कोणी अशुद्ध म्हटले, तर भगिनींनो, मान खाली घालू नका.

काही वेळा वस्तू जाते, पण बोल राहतो. ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पुरते खरे, कारण रुपयाचे सोळा आणे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मुलाबाळांना हे आपणच सांगितले पाहिजे.

एका बोलाविषयी मात्र कळकळीने सांगते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. पत्रात ‘धरावे’ होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी कथा रूढ आहे. त्यावरून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला. पण रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोषी ठरविले ते राघोबादादांना. न्यायाधीशाचा निवाडा मागे पडला आणि बाईवरचा ठपका अडीचशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिला. आजही निरोपात कमीजास्त झाले, की घरात पहिला संशय सुनेवर येतो. ‘हिनेच ध चा मा केला!’

म्हणून विनंती, की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून जुने बोल वहीत उतरवून ठेवा. पण ज्या बोलाने कोणावर ठपका येतो, तो उच्चारण्याआधी त्याची हकीकत विचारा. तिळगुळासारखा गोड बोल जपावा, खडा मात्र निवडून टाकावा.