गाडीची कुरकूर
(मंडळाच्या सभेतील भाषण)



वेग वाढवताना गाडी वाजू लागली की आपण मेकॅनिकला ‘काहीतरी वाजतंय’ एवढेच सांगतो. मी आधी आवाज केव्हा येतो ते पाहते. उभ्या गाडीत इंजिन रेस केले तरी तो आला, तर दोष चाकांकडे नसतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत वळणावर वेग देताना ‘कटकट’ ऐकू आली, तर बहुधा चाकाजवळचा ‘सीव्ही जॉइंट’ झिजलेला असतो. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस गळते, धूळ शिरते. बूट वेळीच बदलला तर जॉइंट वाचतो. जॉइंटच तुटला, तर इंजिन चालू असूनही गाडी घाटात जागची हलत नाही.

तान्ह्याचे रडणे आपण कान देऊन ऐकतो. तेच कान गाडीलाही लावू या!