टिकायचं किती, विरायचं कधी

पाणीदार पदार्थ कमजोरच असणार, हा समज आपलं शरीरच खोटा ठरवतं. गुडघ्यातल्या कूर्चेत 70 ते 80 टक्के पाणी असतं, तरी चालताना ती वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पेलते. हायड्रोजेलही तसंच, पाणी धरून ठेवणारं पॉलिमरच्या साखळ्यांचं जाळं. 1960 मध्ये प्रागच्या ओटो विख्टेरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी ते शरीरासाठी सुचवलं. त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. पण भार पेलण्याइतकं बळ त्यात नव्हतं. 2003 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग आणि सहकाऱ्यांनी दोन जाळी एकात एक गुंफली, एक ताठ आणि एक लवचीक. ताण आला की ताठ जाळं जागोजागी तुटतं, ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि चीर पुढे सरकत नाही. 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइडचं जेल मूळ लांबीच्या वीस पटींहून अधिक ताणून दाखवलं. बळाचा प्रश्न सुटला, पण पॉलिअॅक्रिलामाइडचा कार्बन-कार्बन कणा शरीराला तोडता येत नाही. म्हणून दुखावलेल्या उतीला आधार म्हणून असं जेल घातलं, तर उती भरून आल्यावरही ते आत उरतंच.

मग विरणारं जेल करावं, तर कुणी म्हणेल, विरणारं ते दुबळंच राहणार. मला हे पटत नाही. चिवटपणा येतो जाळ्यांच्या रचनेतून, विघटन ठरतं साखळीत कुठला बंध घातला यावरून. जिलेटिनसारखा पदार्थ घेऊन किंवा पाण्याने तुटणारे एस्टर बंध योजून रचना तीच ठेवता येते. खरी अडचण वेळेची आहे. बंध तुटू लागले की बळही उतरतं, आणि तरुणाची जखम जितक्या लवकर भरते तितकी मधुमेह्याची भरत नाही. विरणाऱ्या टाक्यांनी हा धडा आधीच दिला आहे. जनावरांच्या आतड्यापासून केलेलं कॅटगट शरीरातल्या विकरांनी (एन्झाइमांनी) पचतं, म्हणून त्याचं टिकणं रुग्णागणिक बदलतं. 1970 च्या सुमारास आलेला पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा पाण्याने तुटतो, म्हणून त्याचा अंदाज अधिक नेमका येतो.

मग विकरांवर विसंबूच नये का? संशोधक जेफ्री हबेल आणि सहकाऱ्यांनी साखळीत असे पेप्टाइड घातले, की आत शिरणारी पेशी स्वतःच्या विकराने वाट कापते. म्हणजे उती वाढेल तसं जेल हटतं. मात्र दाह झाला तर हीच विकरं वाढतात आणि जेल अकाली ढासळू शकतं. म्हणून दोन जाळ्यांत कामाची वाटणी करावी, असं मला वाटतं. भार पेलणारं जाळं पाण्याने सावकाश, ठरल्या गतीने तुटावं. पेशींना वाट देणारं विकरांनी. आणि जेलची परीक्षा पहिल्या दिवशीच्या ताकदीवर संपू नये. शरीराच्या तापमानाला, विकरांच्या द्रावात, दर आठवड्याला उरलेलं बळ आणि सुटलेले तुकडे कुठे जातात, हे दोन्ही तपासल्याशिवाय ते रुग्णापर्यंत नेऊ नये.