महाविद्यालय आणि अभ्यासगट



बांबू हे गवत आहे की वृक्ष? वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी 'गवत' असे उत्तर देईल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूची गणना वृक्षांत केली होती, आणि ती २०१७ पर्यंत तशीच राहिली. हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. वृक्ष ठरला की बांबूवर वनखात्याची सत्ता. गौण वनोपज ठरला की तो गोळा करणाऱ्या गावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात घातला, तरीही गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला त्यासाठी झगडावे लागले. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला २००९ मध्ये मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ चा एप्रिल उजाडला, आणि तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

वनस्पतिशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे चारही विषय या एका प्रश्नात एकवटले आहेत. अर्थशास्त्राच्या वर्गात तो मांडला, तर एकच खरेदीदार असलेल्या बाजारात किंमत कशी पडते हे आकृती काढण्यापूर्वीच विद्यार्थ्याला उमजेल. परंतु सर्वसाधारण वर्गात घडते ते निराळेच. प्राध्यापक टिपणे सांगतात, विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेपूर्वी मार्गदर्शिका विकत घेतात आणि 'संभाव्य प्रश्न' पाठ करतात. ज्याच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत सारे कुटुंब पहाटेपासून तेंदूची पाने तोडते, पुडे बांधते आणि फळीवर नेऊन मोजून देते, तो विद्यार्थी त्याच सुमारास परीक्षेसाठी मागणी-पुरवठ्याचा नियम घोकत असतो. पुड्याचा भाव कोण ठरवतो आणि लिलाव ग्रामसभेने केला तर काय पालटते, हे प्रश्नपत्रिका त्याला विचारीत नाही. त्याचे घर आणि त्याचे पुस्तक यांची गाठच पडत नाही.

स्वीडनमधील मार्टन आणि सेल्यो या संशोधकांनी १९७६ मध्ये हाच भेद दाखविला होता. तोच मजकूर वाचताना काही विद्यार्थी शब्द लक्षात ठेवण्याच्या मागे असतात, काही लेखकाला काय म्हणायचे आहे याच्या. कोणता प्रश्न विचारला जाणार अशी विद्यार्थ्याची अपेक्षा असते, यावरही तो कसा वाचतो हे अवलंबून असते. म्हणजे उथळपणा विद्यार्थ्याच्या बुद्धीत असतोच असे नाही. पुष्कळदा तो प्रश्नपत्रिकेत असतो. आदिवासी मुले 'कच्ची' असतात, हे स्टाफरूममध्ये सहज उच्चारले जाणारे वाक्य या दृष्टीने तपासून पाहिले पाहिजे.

मेंढ्याकडे पुन्हा वळावे लागते ते याचसाठी. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये निवर्तलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव चळवळीच्या वर्तुळात परिचित आहे. पण त्याची चर्चा बहुधा हक्कांपुरतीच होते. तेथील अभ्यासगटाकडे शिक्षणाची पद्धत म्हणून क्वचितच पाहिले जाते. या गटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात. प्रश्न गावाचा असतो. मध काढताना मोहोळ जाळल्याने काय होते, कायद्यातील अमुक कलमाचा अर्थ काय, बांबूची तोड कशी व किती करावी, अशा प्रश्नांवर माहिती मिळवायची, तपासायची, मतभेद मांडायचे. निर्णय मात्र तेथे घेतला जात नाही. तो ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत फार मोलाची आहे. निर्णयाचे दडपण नसल्यामुळे अभ्यासात चूक करण्याची मुभा राहते, आणि निर्णय पुढे व्हायचाच असल्यामुळे अभ्यास हलगर्जीने करता येत नाही. आपल्या वर्गांत नेमके उलटे घडते. तेथे चुकण्याची भीती असते, आणि शिकलेल्याचा कशालाच उपयोग नसतो.

ही भाबडी ग्रामभक्ती नव्हे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला आणि एकमेकांना समजावून द्यायला लावले तेथे नापास होणारे सुमारे २२ टक्के होते. नुसती व्याख्याने झाली तेथे सुमारे ३४ टक्के. व्याख्यानाची गरज संपली असा याचा अर्थ नाही. अभ्यासगटही जाणकाराला बोलावतोच. पण प्रश्न तयार झाल्यावर बोलावतो.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. गोंडी व माडिया बोलणाऱ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला मराठी हीच शिकावी लागलेली भाषा असते. 'सीमांत उपयोगिता' त्याने आपल्या शेजाऱ्याला गोंडीत समजावून सांगितली, तर ती त्याला कळली की नाही हे दहा मिनिटांत स्पष्ट होईल. त्यासाठी प्राध्यापकाला गोंडी यावीच लागते असे नाही. वर्गात ती ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते.

यापुढची अडचण प्राध्यापकाची. तासिका तत्त्वावर नेमलेला, दोन ठिकाणी तास घेऊन पोट भरणारा शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन गावात जाणार कधी? २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूरच्या कक्षेतून बाहेर आली. आपल्या भूमीचा अभ्यासक्रम करण्याची सोय त्यामुळे झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रकार्यालाही श्रेयांक दिले आहेत. पण शिक्षक कायम नसेल तर क्षेत्रकार्य म्हणजे एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरविलेला अहवाल, एवढेच उरेल. कायम नेमणुकांची मागणी ही म्हणूनच केवळ पगाराची मागणी नाही, हे संघटनांनी पालकांपुढे मांडलेले नाही.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या तालुक्यात पक्षाचे चार माणसांचे का होईना केंद्र आहे, तेथील महाविद्यालयाच्या दहा विद्यार्थ्यांसह जवळच्या एका ग्रामसभेचा तेंदूचा हिशेब मांडायला बसावे: पुडे किती, भाव किती, वाहतुकीला काय गेले, रक्कम गावाच्या खात्यात केव्हा आली. हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा तो विद्यार्थ्यांनीच, आणि गावकऱ्यांनी चुका काढल्या तर त्या तेथेच दुरुस्त कराव्यात. पुढचा हंगाम एप्रिलअखेरीस सुरू होईल. ग्रामसभांशी बोलणी त्याआधी व्हायला हवीत.