जलविहाराला जोडून कोणती वाट?



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्या पंक्तीत सहलीचा विषय बसवावा की नाही, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु ज्या महिन्यात ही व्याख्याने होतात, त्याच महिन्यात घरोघर सुट्टीचे बेत शिजत असतात. वर्षभर काटकसरीने साठविलेला पैसा आणि त्याहून दुर्मिळ असे चार मोकळे दिवस कोठे खर्च करावेत, हा प्रश्न लहान नाही.

आता आपली माणसे फार दूर जाऊ लागली आहेत. महाराष्ट्रातील प्रवासी मंडळी थेट अलास्कापर्यंत पोहोचतात. रशियाने १८६७ साली बहात्तर लाख डॉलरांना अमेरिकेला विकलेला हा मुलूख १९५९ साली तेथील एक राज्य झाला. मे ते सप्टेंबर या दिवसांत व्हँकुव्हरहून किंवा सिएटलहून मोठमोठी जहाजे उत्तरेस निघतात आणि सात दिवस डोंगर, अरण्ये व हिमनद्या यांच्या कडेकडेने प्रवाशांना नेतात. त्या पाण्यावरच्या प्रवासाला जमिनीवरचा चारसहा दिवसांचा प्रवास जोडण्याची तेथे रीत आहे. कोणी आगगाडीने डेनाली पर्वताकडे जातो, कोणी युकॉनमधील सोन्याच्या जुन्या वाटा धुंडाळतो, तर कोणी किनाऱ्याजवळच्या हिमनद्यांपाशीच रमतो.

या दोन प्रवासांत एक मौजेचा फरक आहे. जहाजावर आपल्याला निवड करावयाची नसते. जहाज जेथे नेईल तेथे जावयाचे, ते जे दाखवील ते पाहावयाचे. ग्लेशियर बे नावाच्या प्रसिद्ध उपसागरात दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजे सोडतात आणि तीही धक्क्याला लागत नाहीत. उद्यानाचे अधिकारीच बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि कठड्याशी उभ्या असलेल्या प्रवाशांना माहिती सांगतात. १७९४ साली व्हँकुव्हरच्या खलाशांना या उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत आढळली होती. १८७९ साली जॉन म्यूर तेथे गेला, तेव्हा ती तीस मैलांहून अधिक मागे हटलेली होती. हे सारे कठड्याशी उभे राहून ऐकावयाचे आणि पुढे जावयाचे! जमिनीवरचा प्रवास मात्र आपण निवडतो. म्हणूनच प्रवाशाची पारख जहाजावर होत नाही. जहाजाला कोणती वाट जोडली यावरून होते.

ही निवड बहुतेक जण कशी करतात? यादी मोजून करतात. अमुक दिवसांत किती ठिकाणे, किती जेवणे, किती छायाचित्रे! जाणकार मात्र दोनतीन साध्या गोष्टी पाहतो. पहिली गोष्ट म्हणजे क्रम. जमिनीवरचा प्रवास दगदगीचा, पहाटे उठण्याचा. म्हणून वयस्क माणसांनी तो आधी उरकावा आणि जहाज विश्रांतीसाठी मागे ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे मुक्काम. डेनाली पर्वत २०,३१० फूट उंच. पण उन्हाळ्यात तो बहुधा ढगांत असतो. एका रात्रीचा पाहुणा त्याच्या पायथ्याशी जाऊनही त्याला न पाहता परततो. तीन रात्री राहणाऱ्याला आशेला जागा असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्यावरून जे दिसले त्याचा पुढचा अध्याय जमिनीवर कोठे आहे, हे पाहणे. जहाज किनारा दाखविते, तर भूप्रवासाने आतला प्रदेश दाखवावा. जहाजाने बर्फ दाखविले, तर भूप्रवासाने त्या बर्फाशेजारी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांशी गाठ घालून द्यावी.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना शिकवावी लागली नव्हती. काशीला जाणारा यात्रेकरू गंगेचे पाणी घेऊन रामेश्वरास जाई आणि रामेश्वराची वाळू गंगेत नेऊन सोडी. पाण्याला वाळूची आणि उत्तरेला दक्षिणेची जोड! त्यांना अंतर थोडे पडत नव्हते; पण एका टोकाला जे घेतले त्याला दुसऱ्या टोकाला अर्थ आला पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

एवढी कसोटी हाती घेऊन आपण आता घरी येऊ. अलास्काला जाणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. पण उत्तरेचे रान आणि त्यातील जलविहार आपल्या नगर जिल्ह्यातही आहे. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. रानाचे नाव तेच आहे. जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात अकोले तालुका. तेथे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. तेथेच रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १९८६ साली घोषित झालेले अभयारण्य. या डोंगरांच्या कुशीत भंडारदऱ्याचा जलाशय पसरला आहे. प्रवरेवरचे हे धरण १९१० साली बांधावयास घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्यात सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. पाऊस ओसरल्यावर धरणाकडून नावेत बसावे आणि रतनवाडीच्या दिशेने जावे. दोन्ही अंगांना डोंगर, पाण्यात त्यांची पडछाया, आणि पलीकडच्या काठाला अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ. मागे रतनगड, प्रवरेचा उगम त्याच्याच अंगावर. याहून रम्य जलविहार आपल्या मुलखात थोडेच असतील.

आता प्रश्न असा की, या नावेला जोडून कोणती वाट धरावी? माझ्या समोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट नेहमीची. मुंबईपुण्याचे पाहुणे भंडारदरा, त्र्यंबकेश्वर, शिर्डी आणि शनिशिंगणापूर असा फेरा घालतात. देवदर्शनाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. श्रद्धेने जाणाऱ्याने अवश्य जावे. परंतु सहल म्हणून पाहिले तर ही यादी मोजून केलेली निवड आहे. नावेतून जे पाहिले त्याचा धागा या फेऱ्यात कोठेच पुढे जात नाही.

दुसरी वाट नदीची. ती मला आवडते. धरणावरून उतरून रंधा धबधबा पाहावा आणि प्रवरेच्या काठाने खाली यावे. वाटेत अकोल्यातील कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेले गावठी बियाणे पाहावे. या बाईंना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला, तो शाळेतल्या विद्येबद्दल नव्हे, मडक्यात राखलेल्या वाणांबद्दल. पुढे निळवंड्याचे धरण लागते. हा प्रकल्प १९७० साली मंजूर झाला आणि त्याच्या डाव्या कालव्यातील पाण्याचे पूजन २०२३ च्या ऑक्टोबरात झाले. मधली त्रेपन्न वर्षे ज्यांनी कोरड्या शेताच्या बांधावर बसून काढली, त्यांच्या गावांवरून ही वाट जाते. त्याहून खाली लोणी-प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. शेवटी नेवासे, जेथे प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि प्रवरासंगम, जेथे नदी गोदावरीला मिळते. पाणी आकाशातून पडल्यापासून त्याची साखर कशी होते आणि त्याच्या काठी शब्द कसा जन्मतो, हे या वाटेवर कळते. दोन दिवस असतील तर ही वाट पुरे आहे.

परंतु तिसरा दिवस असेल, तर नदी सोडून द्या, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नदीच्या काठाने चालणाऱ्याला वाटते की, साऱ्या जिल्ह्याला पाणी आहे. केवळ ते खाली आणावयाचे आहे. हा भ्रम मोडावयाचा असेल, तर जेथे प्रवरेचा कालवा पोहोचतच नाही अशा गावी गेले पाहिजे. म्हणून तिसरी वाट हिवरे बाजारची.

नगर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेत आहे. घाटघरला पावसाळ्यात चारपाच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर कोणाला नवल वाटत नाही; हिवरे बाजारला वर्षाला चारशेच्या आसपास पडला तर बरे वर्ष म्हणावयाचे. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोके! एक साधे त्रैराशिक मांडून पाहू. गावाचे शिवार सुमारे ९७७ हेक्टरांचे. त्यावर चारशे मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झाले सुमारे ३९० कोटी लिटर. भंडारदऱ्याचे धरण भरले म्हणजे त्यात एकतीस हजार कोटी लिटरांहून अधिक पाणी असते. म्हणजे साऱ्या गावाला वर्षभरात देव जेवढे देतो, ते त्या एका धरणाच्या ऐंशीव्या हिश्शाएवढे. त्यातूनही काही उन्हाने उडून जावयाचे, काही ओढ्याने वाहून जावयाचे. उरेल त्यात माणसे, गुरे आणि पिके!

या गावाने काय केले? १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कामाला हात घातला. डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांना बांध घातले, पाझरतलाव सुधारले, झाडे लावली. यातील पुष्कळशी कामे रोजगार हमी योजनेतून झाली. म्हणजे जो पैसा इतर गावांनाही मिळत होता, तोच येथे नीट जागी लागला. त्याबरोबर गावाने स्वतःवर बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. शेतीसाठी खोल विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत. उसासारखी पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत. आणि पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचे आणि विहिरींच्या पातळीचे मोजमाप घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा. आधी पिण्याचे पाणी माणसांना व गुरांना. उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरावयाचे. पाऊस कमी झाला तर पीकही कमी. कर्ज काढून सण नाही. १९९५ च्या पाहणीत गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ती तीनवर आली. पोपटरावांनाही २०२० चाच पद्मश्री मिळाला. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, एक सन्मान अतिवृष्टीच्या डोंगराला आणि एक दुष्काळाच्या पठाराला! सहलीची दोन टोके जणू कोणी आपल्यासाठी आखूनच ठेवली आहेत.

यावर कोणी म्हणेल, “मुलांना सुट्टीत चर आणि बांध दाखवून काय करावयाचे? तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” आक्षेप खोटा नाही. हिवरे बाजारला धबधबा नाही, किल्ला नाही. पण जे मूल सकाळी अथांग जलाशयात हात बुडवून आले आहे, त्याला दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठाशी उभे करा आणि सांगा की, या गावात कोणते पीक घ्यावयाचे हे पाणी मोजून ठरते. ते मूल प्रश्न विचारील. “मग ते मोठे धरण यांना का नाही?” हा प्रश्न ज्या सहलीतून निघतो, ती सहल वाया गेली नाही. त्याचे उत्तर आपल्यालाही सोपे जाणार नाही. पण तो घरी नेण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाव म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तेथे माणसे राहतात. हे अगदी खरे. भंडारदऱ्याच्या रानात वळवाच्या पावसाआधी झाडे काजव्यांनी उजळतात. ते पाहावयास मोटारींची रीघ लागते आणि मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांचाच प्रकाश मावळतो. पाहुण्याच्या हौसेनेच पाहण्याची वस्तू नाहीशी व्हावी, यासारखे दुर्दैव नाही. अलास्कात डेनालीच्या उद्यानातील रस्ता ९२ मैलांचा. पण उन्हाळ्यात खाजगी मोटारींना पहिल्या पंधरा मैलांपुढे मज्जाव असतो, पुढे सर्वांनी उद्यानाच्या बसमधून जावयाचे. अशी शिस्त आपण आपली आपणच लावून घेतली पाहिजे. हिवरे बाजारला जाताना आधी कळवून जावे, ग्रामपंचायतीच्या सोयीने जावे. गाव देशभरच्या लोकांना आपले काम समजावून सांगत आले आहे. ते ऐकावयास बसावे, घराघरांत डोकावू नये. आणि पाणी मागितले तर पेला भरून घ्यावा व रिकामा करून ठेवावा. अर्धा पेला टाकून देणाऱ्याने हिवरे बाजार पाहिले नाही, असे मी म्हणेन.

राहता राहिली वेळ. माझा सल्ला दिवाळीच्या आगेमागे जाण्याचा आहे. तेव्हा जलाशय तुडुंब असतो, डोंगर हिरवे असतात, उन्हाचा ताप नसतो. आणि इकडे हिवरे बाजारला पावसाची गोळाबेरीज चाललेली असते. क्रम मात्र अलास्काच्या उलट ठेवावा. आधी नाव, मग नदी आणि शेवटी कोरडे गाव. विपुलता आधी पाहिली म्हणजे काटकसरीची थोरवी कळते. उलट क्रमाने गेलो तर जलाशयाच्या शोभेत गावाचा हिशेब विसरून जाण्याचा धोका आहे.

श्रोतेहो, कोणी अलास्काला जाणार असेल त्यालाही माझ्या शुभेच्छा आहेत. जहाज तिकिटाच्या पैशांत मिळते. त्याला जोडावयाची वाट आपल्या बुद्धीने शोधावी लागते. येत्या सुट्टीचा बेत करताना एवढेच विचारा की, जे आपण पाण्यावर पाहणार आहोत, त्याचे जमिनीवर पुढे काय होते? आणि जेथे ते पोहोचत नाही, तेथील माणसे कशी जगतात? या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, एका दिवसाच्या वाटेवर आहे. ते पाहून यावे, एवढी माझी विनंती आहे.